पोदेर आमच्या दारी थांबत नव्हता

आमच्या दारासमोर पोदेराचा भोंगा वाजेनासा झाला, तेव्हा मला वाटलं, झालं, गावाला कळलं.

गोव्यात पाव आणायला सहसा कुणी बाहेर जात नाही, पाव घरी येतो. पोदेर, म्हणजे आमच्याकडचा पाववाला, सायकलीच्या कॅरिअरला टोपली बांधून सकाळ-संध्याकाळ वाड्यावरून फिरतो. त्याचा रबरी भोंगा पों-पों वाजला की बाई हातातलं काम टाकून दारात येते, टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला होतं आणि गरम उंड्यांचा, म्हणजे गोल कडक पावांचा, वास ओसरीपर्यंत पोचतो. कारापूरला आमच्या वाड्यावर आधी शेजारच्या काकीच्या दारात भोंगा वाजायचा. मग थोडा वेळ शांतता. मग पुढचा भोंगा एकदम वळणावरच्या घरापाशी. मधलं घर आमचं.

मी आतल्या खोलीत पडून ते ऐकायचो. त्या दिवसांत मी आजारी होतो आणि आजार मनाचा होता. आज हे वाक्य मी सरळ लिहितो आहे. तेव्हा घरात ते कुणी उच्चारत नसे. विचारणाऱ्याला बायको सांगायची, पित्त झालंय त्यांना, जेवण जात नाही. मी तिला तसं सांगू द्यायचो. वर्षानुवर्षं सांगू दिलं. बरा झालो, कामाला लागलो, तरी लोकांच्या लेखी ते पित्तच राहिलं.

हे आता लिहायचं कारण आमची मुलगी. ती पणजीला कॉलेजात शिकते आणि तिथेच राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली, ती उठेना. तिच्या आईने ओळखलं, मीही ओळखलं. मला तर तिच्या पाठीवरूनच कळलं, कारण तशी पाठ करून मी स्वतः पडलो होतो. तिला काय होतंय ते तिला सांगू शकेल असा घरात एकच माणूस होता, आणि त्याला तर सगळ्या गावाच्या हिशेबी पित्ताचा त्रास होता. मी बोललो नसतो तर ती तशीच पडून राहिली असती, किंवा त्याहून वाईट झालं असतं. एवढं मला समोर दिसत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

पण आधी माझं सांगतो.

लोक म्हणतात, खाण बंद झाली म्हणून याचं असं झालं. मी एका खाणीच्या कचेरीत ट्रक सोडायच्या कामावर होतो. खाण बंद पडली, ट्रक ज्याच्या त्याच्या अंगणात उभे राहिले, चाकांवर वेल चढले. कारण म्हणून हे सोयीचं आहे. त्यात लाज नाही, अर्ध्या डिचोली तालुक्याचं तेच झालं. पण खरं सांगायचं तर सुरुवात आधीच झाली होती. खाण चालू होती, पगार वेळेवर होता, घरात सगळं ठीक होतं, आणि मी सकाळी स्कूटर अंगणात काढून नुसता तिच्याकडे बघत उभा राहायचो. किक मारायला पाय उचलत नसे. मग खाण बंद झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. शेजारचे ट्रकवाले रडकुंडीला आले होते, आणि मला आत कुठेतरी बरं वाटत होतं की आता उठायला नको. त्या बरं वाटण्याचीही नंतर लाज वाटायची.

मग दाढी टळू लागली, आंघोळ टळू लागली. मुलगी तेव्हा शाळेत होती. कविता पाठ झाली की म्हणून दाखवायला यायची. मी डोळे मिटून 'हं' म्हणायचो. ती थोडा वेळ उभी राहायची आणि परत जायची. तिचे ते परत जाणारे पाय मी ऐकायचो आणि हाक मारायचो नाही.

उपदेश करणारे पुष्कळ होते. मेहुणा सांगून गेला की पहाटे उठून सूर्याकडे बघावं. चुलतभाऊ म्हणाला, मन घट्ट कर. मी दोघांनाही 'बघूया' म्हटलं आणि कूस बदलली. बायकोने मात्र मला कधी 'उठा, चाला, मन रमवा' असं म्हटलं नाही. ती पेडण्याची, मोपाच्या सड्याखालच्या, म्हणजे पठाराखालच्या, गावातली. त्या सड्यावर आता विमानं उतरतात. तिच्या लहानपणी तिथे गुरं चरायची. ती माझ्यासारखीच कमी बोलते. पण माझं न बोलणं म्हणजे दार लावून घेणं, आणि तिचं न बोलणं म्हणजे चुलीवर काहीतरी शिजत असणं.

एका सकाळी तिने कापडी पिशवी माझ्या उशाशी आणून ठेवली.

"पोदेर आपल्याकडे थांबेनासा झालाय," ती म्हणाली. "का ते मला विचारू नका. मुलीला डब्यात द्यायला पाव हवेत. तिस्कापलीकडच्या फोर्नवरून घेऊन या."

तिस्क म्हणजे आमचा तिठा, आणि फोर्न म्हणजे पावाची भट्टी. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी पाठव.

"घरात माणसं तीन. एक शाळेला चाललीय, एक चुलीपाशी आहे. उरलं कोण ते तुम्हीच मोजा."

मी गेलो. जाताना डोक्यात एकच होतं की पोदेराला कळलं. वाड्यावर दारोदार फिरणारा माणूस, त्याला सगळं कळतं. वेड्याच्या घरी कशाला थांबा, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. आणि जो पोदेर कुणाला टाळत नाही तो आपल्याला टाळतो, म्हणजे आपलं किती झालं. मी मान खाली घालून, माडांच्या मागच्या पायवाटेने गेलो. त्या वाटेवर एका घराच्या सोप्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या दगडी बाकावर, एक म्हातारी बसलेली असायची. तिच्यापुढून जाताना चोरी चालत नाही.

"खंय रे पुता?"

"पाव हाडूक."

"पोदेर येयना?"

"येयना."

"बरें, वच."

कुठे चाललास, पाव आणायला, बरं जा. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारी मुद्दाम टोचते. मग लक्षात आलं की ती सगळ्यांनाच विचारते, कुत्र्यालासुद्धा. हळूहळू असं झालं की तिच्या सोप्याजवळ पोचायच्या आधीच माझ्या घशात आवाज तयार व्हायचा. दिवसातलं माझं पहिलं वाक्य 'पाव हाडूक' हे असायचं. त्यापूर्वी असे दिवस गेले होते, ज्यांत पहिलं वाक्यच नव्हतं.

फोर्नवर सकाळी गर्दी असायची ती बिऱ्हाड करून एकटे राहणाऱ्यांची. सिंधुदुर्गातून आलेले ट्रक ड्रायव्हर बरेच. खाण बंद झाली तरी काही जण वाळू-चिऱ्यांच्या गाड्यांवर टिकून होते. संसारी माणूस पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. एक जण दोन-तीन दिवस माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय भाऊनू, वैनीन घराभायर काढल्यान की काय?"

सगळे हसले. भट्टीत फावडं घालणारा मालकही हसला. आणि मी हसलो. तोंडातून तो आवाज आल्यावर मीच दचकलो, इतक्या दिवसांनी तो आला होता. त्याने गंमत केली होती, पण तो किती बरोबर बोलला होता ते कळायला मला पुढे खूप काळ लागला.

एक काम अंगवळणी पडलं की बायको दुसरं काढायची, आणि प्रत्येकाला कारण चोख. घरात नळ असताना तिने मला विहिरीवर पाठवलं, तर म्हणे, तुळशीला नळाचं पाणी मानवत नाही, पानं पिवळी पडतात. मी दोर सोडून कळशी शेंदायचो. कळशी पाण्याला लागते तेव्हा दोरातून हाताला एक हिसका कळतो. त्या हिसक्याकडे लक्ष द्यावंच लागतं, नाहीतर दोर सुटतो. तेवढा वेळ डोक्यातलं दळण थांबायचं. कळशीमागे कळशी, तुळस, मग अबोली, मग पपई. तुळशीला एवढं पाणी कशाला लागतं हा प्रश्न मला पडला नाही. आजारी माणसाला प्रश्न कमी पडतात, हेही तिने हेरलं असावं.

रात्री मी फोन घेऊन पडायचो आणि झोप येईपर्यंत, आणि ती तर येतच नसे, बघत राहायचो. एकदा ती म्हणाली की खोलीतला चार्जर बिघडला, आता फक्त स्वयंपाकघरातला चालतो. तेव्हापासून फोन रात्री फ्रीजवर राहू लागला आणि मी अंधारात छताकडे बघू लागलो. छताकडे बघून माणूस कधीतरी झोपतोच. तो बिघडलेला चार्जर मला पुढे तिच्या साड्यांच्या कपाटात सापडला. मी लावून पाहिला. उत्तम चालत होता. मी तो पुन्हा साडीच्या घडीत ठेवला.

संध्याकाळी ती अबोलीची फाती विणायला बसायची. आमच्याकडे केळीच्या सोपटात अबोलीची फुलं वेणीसारखी विणून केसांत माळतात, तिला फाती म्हणतात. एकदा माझ्यापुढे फुलांचं सूप सरकवून म्हणाली, माझी बोटं दुखतायत, तुम्ही विणा. हे बायकांचं काम. मी पडवीत बसून ते करताना काकीने पाहिलं आणि आपल्या सुनेला बोलावून दाखवलं. माझी फाती म्हणजे फाटलेली चटई, अर्धी फुलं सोपटाबाहेर. बायकोने ती केसांत घातली आणि साखळीच्या बाजारात गेली. कुणी विचारलंच तर काय सांगणार, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "सांगेन, माझ्या घरात नवीन कारागीर ठेवलाय. अजून शिकतोय, म्हणून पगार नाही."

सगळंच काही जमलं नाही. कुणीतरी तिला मोबाइलवर श्वासाचा व्यायाम दाखवला होता. आम्ही दोघं चटई घालून बसलो. श्वास आत, श्वास बाहेर, मध्ये तानपुरा. मला झोप लागली. डोळे उघडले तर तीही भिंतीला टेकून घोरत होती आणि घरभर करपलेल्या भाताचा वास. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाव आणायला सुरुवात करून काही दिवस झाले होते. बरा होतोय असं इतरांना वाटत होतं, मलाही अधूनमधून वाटायचं. एका सकाळी मी फोर्नपाशी थांबलो नाही. चालत राहिलो. खाणीच्या जुन्या रस्त्याने, जिथे मी रोज ट्रक सोडायचो त्या बाजूला. आमच्याकडे बंद खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली आहेत, हिरवीगार, दुरून सुंदर दिसतात. त्या काठावर जाऊन बसलो. कशासाठी गेलो होतो ते मला ठाऊक होतं. किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. परत का आलो हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय, आणि चांगलं उत्तर असतं तर इथे लिहिलं असतं. हातात पिशवी होती, रिकामी. पावाची पिशवी रिकामी घेऊन घरी कसं जायचं, मुलीचा डबा राहील, एवढंच डोक्यात आलं. माणूस त्या वेळी काही मोठा विचार करत असेल असं वाटतं, पण मी डब्याचा विचार केला.

फोर्नवर पोचलो तोवर पाव संपले होते. उरली होती फक्त काकणं, चहात बुडवून खायची ती कडक, बांगडीसारखी. ती घेऊन घरी गेलो. मुलगी शाळेला गेलेली. बायकोने पिशवीत पाहिलं, माझ्या लाल मातीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं, आणि एक काकण चहात बुडवून म्हणाली, "बरी कडक आहेत." मी म्हटलं, तू ज्या डॉक्टरांबद्दल म्हणत होतीस, पणजीच्या, त्यांच्याकडे जाऊया. ती बरेच दिवस मागे लागली होती आणि मी टाळत होतो. तिने का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही पहिली बस धरली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलतं केलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की पाव आणि विहिरीनेच सगळं झालं. तसं नाही. डॉक्टरांनीही तिच्या कामांची यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, यातलं काहीही थांबवू नका. गोळीने मला उठण्याइतकी ताकद दिली. उठून कुठे जायचं ते बायकोने आधीच ठरवून ठेवलं होतं.

पोदेराचं कोडं सुटलं ते मी बराच सावरल्यावर. मला साधा ताप आला होता आणि सकाळी मी ओसरीवर पांघरूण घेऊन बसलो होतो. काकीच्या दारात भोंगा वाजला. मग पोदेर आमच्या घराच्या दिशेने आला. सायकलीवरून उतरला. भोंग्याचा रबरी गोळा एका हाताने वरच्या वर धरला, चुकून दाबला जाऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने सायकल ढकलत, पाय न वाजवता, आमच्या फाटकापुढून निघाला. पाळण्यात बाळ झोपलेल्या घरापुढून जावं तसा. मला इतका राग आला की तापातच फाटकाशी गेलो. आमच्या घरावर बहिष्कार घातलायस काय, असं त्याला विचारलं.

तो बिचारा गोंधळला. "माका विचारू नका, पात्रांव. वयनीन सांगलां. हांगा थांबू नका, भोंगो वाजवू नका. चढणीवर तुमचें घर, आनी नेमकी हांगाच सायकल ढकलीत न्हेवची पडटा."

"कधीपर्यंत?"

"तुमचें पित्त वता मेरेन, म्हणाली."

माझं पित्त जाईपर्यंत. मी फाटकाला धरून उभा राहिलो. त्याने घाबरत विचारलं, दोन उंडे देऊ काय, तिला सांगणार नाही. मी म्हटलं, नको, उद्या मी आणतो.

घरात येऊन मी तिला काही बोललो नाही. ती आत भांडी घासत होती. या बाईने गावभर फिरणाऱ्या माणसाला आपल्या दारी गप्प केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भुवया सोसल्या, रोजचा दारात येणारा पाव सोडला, कशासाठी, तर मी रोज तिस्कापर्यंत चालावं आणि वाटेत एका म्हातारीने मला कुठे म्हणून विचारावं. कित्येक महिने मी त्याला माझा अपमान समजत होतो. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि रडलो. आजारात मला रडू येत नसे. ते त्या दिवशी आलं.

पुढे कितीतरी काळाने, तिच्या माहेरी गेलो असताना, ती एकदा बोलता बोलता म्हणाली की त्यांच्या गावात कुणाच्या घरात दुःख झालं की शेजारच्या बाया जाऊन हळहळत नसत. विरजण मागायच्या. ज्या घरी विरजण मागायला येतात त्या घरी दूध तापवावं लागतं, दही लावावं लागतं, सकाळी उठावं लागतं. "रडणाऱ्या बाईला काही देऊन उपयोग नाही, तिच्याकडे मागायचं," तिची आई म्हणायची. हे ती मला माझ्याबद्दल सांगतेय असं तिने दाखवलं नाही. मीही परसातल्या झाडाचे आवळे तोडत राहिलो.

असं आमचं चाललं. तिला वाटत होतं मला माहीत नाही, आणि मी तिला तसं वाटू दिलं. मला त्यात गोडवा वाटायचा. संसारात एकमेकांना न सांगता जपण्यात एक गोडी असते, ती आम्ही दोघांनी चाखली. पण त्या घरात एक मूल वाढत होतं. तिला दिसलं ते इतकंच की बाबा रोज पाव आणतात, पाणी शेंदतात, कारण बाबांना पित्त आहे.

तीच मुलगी गेल्या उन्हाळ्यात येऊन पडली. बायकोने आपली जुनी विद्या काढली. काकीकडून विरजण घेऊन ये, म्हणाली. मुलगी उठली, गेली, आणून दिलं आणि पुन्हा पडली. दुसऱ्या दिवशी, अबोलीला पाणी घाल. घातलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा विरजण.

"आई, फ्रीजमध्ये दह्याचं भांडं भरलेलं आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "बाबांना पाव आणायला पाठवायचीस तसं मला नको पाठवू. मला काही पित्त झालेलं नाही."

मी दाराबाहेर होतो. बायको आतून आली, माझ्याजवळ थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हरलेलं पाहिलं. तिची युक्ती न कळणाऱ्या माणसावर चालली होती. ही शिकलेली, चलाख पोर, हिला सगळं कळत होतं, फक्त मुळातलं कारण आम्ही तिच्यापासून लपवलं होतं. आपल्याला जे होतंय ते जगात दुसऱ्या कुणाला झालं असेल, तेही याच घरात, हे तिला कुठून कळणार?

"माझ्याकडचं संपलं," बायको हळूच म्हणाली. "आता तुम्ही बोला."

हा मजकूर मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा पुढचं वाक्य 'मी तसाच तिच्या खोलीत गेलो' असं होतं. मुलीने वाचून सांगितलं की हे खोटं आहे, तुम्ही बाजारात निघून गेलात. खरं आहे. मी साखळीला गेलो, काही न घेता दुकानांतून फिरलो, बसस्टँडवर बसलो, आमच्या तिस्कावरून जाणाऱ्या पणजीच्या दोन बसेस जाऊ दिल्या. मला भीती वाटत होती ती तिच्या नजरेची. बाप म्हणून मी फार काही दिलं नव्हतं, निदान एक शांत, सरळ माणूस म्हणून तिच्यापुढे उभा होतो. आता तेही जाणार. मग वाटलं, त्या सरळ माणसाचा तिला काय उपयोग? सरळ माणसापुढे ती आपलं वाकडं कसं मांडेल?

दुपार टळत आली होती. मी तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलो. पंखा फिरत होता. ती वळली नाही.

"मला पित्त कधीच नव्हतं," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. स्कूटर सांगितली. तिची कविता सांगितली, मी जागा होतो आणि हाक मारली नाही हे सांगितलं. पोदेर सांगितला, तेव्हा तिच्या खांद्यात किंचित हालचाल झाली, हसली असावी. गोळ्या सांगितल्या, पहिल्या आठवड्यात तोंडाला कशी कोरड पडायची ते. आणि खाणीच्या खड्ड्याचं सांगितलं. ते सांगताना माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. आत स्वयंपाकघरात नारळ खवायचा आवाज चालला होता, तो थांबला.

मुलगी वळली. चेहरा सुजलेला, डोळे कोरडे.

"आईला माहीत होतं?"

"बाकीचं होतं. हे नव्हतं."

बायको दारात उभी होती, हाताला खोबरं लागलेलं. मला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला तेव्हा मी पोरीला शाळेत सोडून तशीच तिस्कापलीकडे गेले होते. फोर्नवर विचारलं, तर आज आलेच नाहीत म्हणाले. मग खाणीच्या रस्त्याने तुम्ही परत येताना दिसलात." तिने हाताचं खोबरं पदराला पुसलं. "मी माडांच्या वाटेने धावत घरी आले. चहा ठेवला."

इतकी वर्षं मी जे तिच्यापासून लपवून तिला जपतोय असं समजत होतो, ते तिने एकटीने उचलून धरलं होतं. मुलगी उठून बसली होती आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती, जणू दोन अनोळखी माणसं घरात आली आहेत.

मग तिने विचारलं, "ते डॉक्टर आहेत अजून?"

मी म्हटलं, आहेत, म्हातारे झालेत, पण बसतात.

"तुम्ही याल?"

"येईन. आत येऊ नका म्हणालीस तर बाहेर बसेन."

तिने विस्कटलेले केस मागे सारले. "उद्या नको," ती म्हणाली. "उद्या मला डोक्यावरून न्हायचंय. परवा जाऊया."

ज्याला हे कधी झालेलं नाही त्याला हे वाक्य साधं वाटेल. मी त्यातून गेलेला आहे. उद्या आहे, उद्या आपलं डोकं धुवायचंय आणि परवाही काही आहे, असं स्वतःहून म्हणायला किती लांबून यावं लागतं ते मला माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं. ती कपाट उघडून शिकेकाई शोधू लागली, आणि मी न्हाणीच्या चुलीसाठी माडाची सुकलेली चुडतं गोळा करायला मागल्या दारी गेलो.